सोपं काम अवघड करणारा इंजिनिअर

एक गृहस्थ जेवायला बसले आहेत. त्यांच्या डोक्यावर टोपीसारखं एक भलंमोठं यंत्र बांधलेलं आहे. सूपचा चमचा ते तोंडाकडे नेतात, त्याबरोबर चमच्याला बांधलेली दोरी ओढली जाते. दोरीमुळं एका पळीला झटका बसतो आणि पळीतलं बिस्किट हवेत उडतं. ते पकडायला शेजारच्या दांडीवरचा पोपट झेपावतो. पोपट उडाल्यामुळं दांडी कलते आणि तिच्यावरचे दाणे एका बादलीत सांडतात. जड झालेली बादली खाली येताना दुसरी दोरी ओढते, त्या दोरीनं सिगार पेटवायचा लायटर उघडून पेटतो, लायटरमुळं अग्निबाण सुटतो, अग्निबाणाला जोडलेला विळा तिसरी दोरी कापतो आणि त्या दोरीनं अडवून ठेवलेला लंबक झुलायला लागतो. लंबकाला रुमाल लावलेला आहे. तो रुमाल गृहस्थांची हनुवटी पुसतो.

हात उचलून हनुवटी पुसायला एक सेकंद पुरला असता. आपल्याकडे अशा उद्योगाला द्राविडी प्राणायाम म्हणतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असंही म्हणतात. इंग्रजीत मात्र त्यासाठी चक्क एका माणसाचं नाव वापरतात. रूब गोल्डबर्ग हे ते नाव. रुमालाचं हे चित्र त्यानं १९३१ साली काढलं आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात त्याचं नाव विशेषण म्हणून दाखल झालं. साधं काम विनाकारण गुंतागुंतीनं करणारी कोणतीही गोष्ट म्हणजे रूब गोल्डबर्ग. माणूस हयात असताना, ऐन भरात असताना, त्याच्या नावाचा शब्द व्हावा हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आज हे नाव सर्वांत जास्त ऐकू येतं ते वर्गात. विज्ञानाच्या तासाला मुलांचे गट पाडले जातात. प्रत्येक गटाला पुठ्ठे, गोट्या, डॉमिनोच्या सोंगट्या, दोरा, कप्प्या, पट्ट्या, रिकामे डबे आणि चिकटपट्टी दिली जाते आणि एक अगदी क्षुल्लक काम सांगितलं जातं. फुगा फोडा, घंटी वाजवा, नाहीतर दिवा बंद करा. अट एकच. पहिला धक्का दिल्यानंतर यंत्राला हात लावायचा नाही आणि काम जितक्या जास्त पायऱ्यांनी होईल तितकं चांगलं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत याच खेळाच्या मोठ्या स्पर्धा होतात. ज्याच्या नावानं हे सगळं चालतं, तो गोल्डबर्ग स्वतः पदवीधर इंजिनिअर होता आणि सहा महिन्यांत ते काम सोडून पळाला होता.

त्याचं पूर्ण नाव रूबेन गॅरेट लुशियस गोल्डबर्ग. जन्म ४ जुलै १८८३ चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. गाव सॅन फ्रान्सिस्को. वडील मॅक्स गोल्डबर्ग हे प्रशियातून आलेले ज्यू. जमिनीच्या व्यवहारांत आणि शहराच्या राजकारणात त्यांचं चांगलं वजन होतं. पोलीस आणि अग्निशमन खात्याचे आयुक्त म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. रूब चार वर्षांचा असल्यापासून छापील चित्रांवर कागद ठेवून ती गिरवायचा. थोडा मोठा झाल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे तो शिकायला जाऊ लागला. चित्रकलेचं त्याचं शिक्षण काय ते एवढंच.

मुलानं चित्रकार व्हावं हे वडिलांना पटण्यासारखं नव्हतं. त्या काळच्या कॅलिफोर्नियात खाणी म्हणजे पैसा, म्हणून त्यांनी त्याला बर्कलीच्या विद्यापीठात खाण-अभियांत्रिकीला घातलं. हा प्रसंग मराठी घरांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडेही कित्येक चित्रकार, गायक आणि नट आधी इंजिनिअर झालेले असतात.

बर्कलीत त्याला एक गोष्ट भेटली आणि ती जन्मभर पुरली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक स्लेट यांच्याकडे नळ्या, तारा आणि भांडी यांचं एक अगडबंब यंत्र होतं. त्याला ते बॅरोडिक म्हणत. विद्यार्थ्यांनी ते वापरून पृथ्वीचं वजन काढायचं असा अभ्यासक्रम होता. गोल्डबर्ग ही आठवण पुढं रंगवून सांगत असे. एवढा पसारा मांडून शेवटी हाती येणार एक आकडा, आणि त्या आकड्याचं आपण नेमकं करायचं काय, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला. विज्ञानाच्या बाजूनं इथं एक खुलासा करायला हवा. पृथ्वीचं वजन काढणं हा काही वेडेपणा नव्हे. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं १७९८ मध्ये शिशाचे गोळे तारेला टांगून, त्यांच्यातलं इवलंसं आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली होती आणि त्याचं उत्तर आजच्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारं आहे. सहावर चोवीस शून्यं दिली की किलोग्रॅममधलं पृथ्वीचं वस्तुमान मिळतं. प्रयोग नाजूक होता, पण त्यातला एकही भाग फुकटचा नव्हता. गोल्डबर्गला मात्र त्या पसाऱ्याचाच मोह पडला. त्यातल्या विनोदाकडे त्याचं लक्ष गेलं आणि भौतिकशास्त्र मागं पडलं.

१९०४ मध्ये पदवी मिळाली. सॅन फ्रान्सिस्को महापालिकेच्या पाणी आणि मलनिस्सारण खात्यात नोकरीही लागली. पगार महिना १०० डॉलर. काम होतं जलवाहिन्या आणि गटारांचे नकाशे तयार करण्याचं. ते काम कंटाळवाणं असेल, पण हलकं नव्हतं. ज्या प्लेगनं १८९६ पासून मुंबईत आणि मग पुण्यात हाहाकार माजवला, त्याच जागतिक साथीचं लोण १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनपर्यंत पोचलं होतं आणि १९०४ पर्यंत ते रेंगाळलं. उंदरांनी भरलेल्या बंदराच्या शहरात गटाराचा नकाशा ही आरोग्याची बाब असते. पण एकविशीतल्या गोल्डबर्गचं मन त्यात रमेना. सहा महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला आणि क्रॉनिकल या दैनिकात पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून तो रुजू झाला. आता पगार आठवड्याला ८ डॉलर. दिवसभर टेबलं आवरायची आणि उरलेल्या वेळात चित्रं काढून संपादकाकडे द्यायची. ती बहुतेक केराच्या टोपलीत जायची. हळूहळू खेळांच्या पानावर त्याची व्यंगचित्रं छापून येऊ लागली. मग तो बुलेटिन या दुसऱ्या दैनिकात गेला.

तो बुलेटिनमध्ये असतानाच, १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा तडाखा बसला. हादरे मिनिटभरच टिकले. पण खरा विध्वंस पुढच्या तीन-चार दिवसांत झाला आणि तो कसा झाला हे या लेखाच्या विषयाला धरूनच आहे. जमीन सरकली म्हणून गॅसचे नळ फुटले. गॅसनं ठिकठिकाणी आगी लागल्या. त्याच हादऱ्यानं पाण्याचे मोठे नळही फुटले होते, त्यामुळं अग्निशमन दलाच्या तोट्यांना पाणी येईना. दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन भूकंपातच प्राणांतिक जखमी झाले होते. पाणी नाही म्हणून आगीच्या वाटेतल्या इमारती सुरुंगानं उडवायचं ठरलं आणि त्या स्फोटांनी नव्या आगी लावल्या. एका घरात बाईनं सकाळी न्याहारीसाठी चूल पेटवली. तिचं धुराडं भूकंपात तडकलं होतं. त्या चुलीची आग शहराचा मोठा भाग खाऊन गेली. सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या, चार लाखांच्या शहरातली निम्म्याहून अधिक माणसं बेघर झाली आणि मृतांचा आकडा ३,००० च्या आसपास गेला.

गोल्डबर्गच्या चित्रांचं मूळ या आगीत शोधायचा अट्टहास नको. पण ज्या नळांचे नकाशे त्याच्या खात्यात काढले जात होते, त्या नळांवर शहराचं काय अवलंबून असतं हे त्या चार दिवसांत दिसलं. एक कडी तुटते, ती पुढच्या कडीला ढकलते आणि शेवटी जे घडतं ते पहिल्या धक्क्याच्या कितीतरी पटींनी मोठं असतं. हनुवटी पुसणाऱ्या रुमालाची साखळी याच्या नेमकी उलट आहे. तिथं कष्ट डोंगराएवढे आणि हाती लागतो उंदीर. दोन्ही साखळ्यांतला हा फरक ध्यानात ठेवू, कारण गोल्डबर्गच्या आयुष्यात तो पुन्हा एकदा येणार आहे.

१९०७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि इव्हनिंग मेल या दैनिकात लागला. पुढच्याच वर्षी त्यानं मूर्ख प्रश्नांची एक मालिका सुरू केली. उंच इमारतीवरून पडलेल्या माणसाला कुणीतरी विचारतं, लागलं का, आणि तो उत्तर देतो की कामावर जाण्याआधी अंग मोकळं करायला मी रोजच असा पडतो. ही मालिका तुफान चालली. त्यानंतर गोल्डबर्गनं मागं वळून पाहिलं नाही. एकसारखे दिसणारे माईक आणि आईक हे जुळे, बूब मॅकनट नावाचा धांदरट नायक अशी एकेक पात्रं येत गेली. देशभरातल्या वर्तमानपत्रांत ती छापली जात होती. आयुष्यभरात त्यानं सुमारे ५०,००० चित्रं काढली असं सांगतात. १९१६ मध्ये त्यानं इर्मा सीमन हिच्याशी लग्न केलं, दोन मुलगे झाले.

यंत्रांची चित्रं १९१० नंतरच्या दशकात सुरू झाली. त्यातलं १९१४ चं एक चित्र आरोग्याच्या पानावर सांगायलाच हवं. वजन कमी करण्याचं स्वयंचलित यंत्र! डोनट, बॉम्ब, मेण, फुगा आणि तापलेली शेगडी अशा साखळीनं एक लठ्ठ माणूस खोलीत कोंडला जातो. आत खायला काही नाही. बाहेर पडायची वाट अरुंद. बारीक झाल्याशिवाय सुटका नाही. लठ्ठपणावरचा हा विनोद आज जरा बोचतो, पण यंत्रामागचं निरीक्षण अचूक आहे. कमी खायचं, हा त्यातला खरा उपाय एका ओळीचा आहे आणि बाकीची सगळी आतषबाजी गिऱ्हाइकासाठी आहे. पोटावर बांधायचे थरथरणारे पट्टे आजही विकले जातात, तेव्हा हे चित्र शंभर वर्षांचं झालं असं वाटत नाही.

चित्रांमागं काळही होता. हेन्री फोर्डनं १९१३ मध्ये मोटारींसाठी सरकती जोडणी-पट्टी सुरू केली. घराघरांत श्रम वाचवणारी उपकरणं येऊ लागली होती आणि प्रत्येक नव्या उपकरणाबरोबर ते पुसायचं, तेल द्यायचं, दुरुस्त करायचं कामही येत होतं. हे गोल्डबर्गनं बरोबर हेरलं. १९२९ ते १९३१ या काळात कोलियर्स साप्ताहिकात त्यानं प्राध्यापक लुसिफर गॉर्गनझोला बट्स यांचे शोध क्रमशः छापले. गॉर्गनझोला हा चीजचा एक उग्र वासाचा प्रकार. म्हणजे आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाचं मधलं नाव सुक्या बोंबलावरून ठेवावं तसं. बर्कलीच्या प्राध्यापकांवरचं जुनं उट्टं त्यानं असं काढलं. डोक्यावर रुमालाचं यंत्र बांधून सूप पिणारे ते हेच बट्स. पुढं १९३६ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये कामगाराला जेवू घालणारं यंत्र आलं आणि तेही शेवटी तोंड पुसतं. चॅप्लिन आणि गोल्डबर्ग यांची ओळख होती.

आता ही यंत्रं चालतात कशी, ते पाहू. पहिल्या धक्क्याची ऊर्जा शेवटपर्यंत जाते असा अनेकांचा समज असतो. वर्गात मुलं पहिल्यांदा इथंच अडकतात. एक गोटी उतारावरून सोडतात, ती पुढच्या गोटीला धडकते, ती तिसरीला आणि पाच-सहा पायऱ्यांत सगळं थंड पडतं. घर्षणात, आवाजात आणि उष्णतेत ऊर्जा निघून जाते. रुमालाच्या चित्रात पाहा. बादली खाली ओढायला उंचावर ठेवलेल्या दाण्यांचं वजन आहे. विळा ओढायला अग्निबाणातली दारू आहे. पोपटाच्या पंखांत त्यानं खाल्लेल्या दाण्यांची ऊर्जा आहे. जेवणाऱ्याच्या हातानं फक्त पहिली खिट्टी काढली. म्हणजे प्रत्येक कडीकडे स्वतःची साठवलेली ऊर्जा हवी आणि आधीच्या कडीनं ती फक्त मोकळी करायची.

डॉमिनोची सोंगटी उभी करताना आपण तिचा मध्य थोडा वर उचलतो, तेव्हा आपणच तिच्यात ऊर्जा भरतो. पडताना ती परत देते. म्हणून एक सोंगटी स्वतःपेक्षा दीडपट मोठी सोंगटी पाडू शकते. लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दीडपटीनं वाढत जाणाऱ्या १३ सोंगट्यांची रांग करून हे दाखवलं. पहिली सोंगटी नखाएवढी आणि शेवटची गुडघ्यापर्यंत येईल एवढी.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा तुमच्या यंत्रातली प्रत्येक पायरी १०० पैकी ९५ वेळा बरोबर चालते. ऐकायला छान वाटतं. पण अशा २० पायऱ्या एकापुढं एक ठेवल्या तर सगळं यंत्र नीट चालण्याची शक्यता उरते जेमतेम ३६ टक्के. पायरी ९९ टक्के भरवशाची केली तर यंत्र ८२ टक्क्यांवर येतं. मुलं दुपारभर एकाच सोंगटीची जागा अर्धा सेंटीमीटर इकडंतिकडं करत बसतात ते यासाठी. कागदावर पोपट प्रत्येक वेळी उडतो. खऱ्या पोपटाचं पोट भरलेलं असलं की संपलं. गोल्डबर्गनं आपली यंत्रं कधी बांधली नाहीत, चित्रातच ठेवली. इंजिनिअर असल्यामुळं ती का चालणार नाहीत हे त्याला पुरतं ठाऊक असणार.

लांब साखळी म्हणजे नेहमी वेडेपणाच असतो असंही नाही. आपलं बोट कापल्यावर रक्त गोठतं, ते अशाच एका साखळीनं. जखमेपाशी एक प्रथिन जागं होतं, ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. १९६४ मध्ये शास्त्रज्ञांनी हा क्रम मांडला तेव्हा त्याला धबधब्याची उपमा दिली. यातली आठव्या क्रमांकाची कडी जन्मतःच कमकुवत असली तर हिमोफिलिया होतो आणि साध्या मुक्या मारानंही सांध्यात रक्त साचतं. पण मग शरीरानं हे काम एका पायरीत का केलं नाही? कारण इथं प्रत्येक पायरीवर परिणाम वाढत जातो, थोड्या रेणूंमागं पुढचे पुष्कळ रेणू कामाला लागतात. शिवाय प्रत्येक पायरीवर ब्रेकही लावता येतो. नको तिथं गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो, म्हणून ब्रेक महत्त्वाचा. प्राध्यापक बट्स यांच्या यंत्रात पोपट काढून टाकला तरी हनुवटी पुसायचं काम अडत नाही. रक्तातली कडी काढता येत नाही.

एकातून अनेक, ही युक्ती ब्रेकशिवाय वापरली की काय होतं ते १९४५ मध्ये जगानं पाहिलं. युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते आणखी अणू फोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत सुमारे ८० पिढ्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतात. बॉम्ब होतो तो असा.

गोल्डबर्ग तोवर बदललेला होता. १९३८ च्या सुमारास तो न्यूयॉर्क सन या दैनिकासाठी राजकीय व्यंगचित्रं काढू लागला होता. पन्नाशी उलटलेल्या, गमत्या म्हणून देशभर ठाऊक असलेल्या माणसानं हिटलर आणि मुसोलिनी यांच्यावर चित्रं काढायला घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या चित्रांमुळं त्याला द्वेषानं भरलेली पत्रं येऊ लागली. तो ज्यू आहे हे आडनावावरून कळत होतंच. मुलांच्या जिवाची त्याला काळजी वाटली आणि त्यानं दोघांना आडनाव बदलायला सांगितलं. थोरल्या टॉमसनं धाकट्या भावाचं नाव, जॉर्ज, हेच आडनाव म्हणून घेतलं. धाकट्यानंही भावाचं आडनाव तेच आपलं असं ठरवलं आणि तो झाला जॉर्ज जॉर्ज. ऐकायला हे गोल्डबर्गच्याच एखाद्या चित्रातल्यासारखं वाटतं. ज्याचं नाव शब्दकोशात गेलं, त्याच्या मुलांना ते नाव लावणं धोक्याचं झालं होतं. टॉमस जॉर्ज पुढं नावाजलेला चित्रकार झाला आणि जॉर्ज नाटक-सिनेमाचा निर्माता.

२२ जुलै १९४७ रोजी न्यूयॉर्क सनमध्ये त्याचं एक चित्र छापून आलं. त्यात दोऱ्या, पोपट, बादल्या यांतलं काहीच नाही. एक प्रचंड अणुबॉम्ब कड्याच्या टोकावर तोलून राहिला आहे. खाली दरी आहे, जगाच्या विनाशाची. कड्यावर जगाच्या नियंत्रणाचं नाव. आणि बॉम्बच्या पाठीवर एक छोटंसं घर, अंगण, निवांत बसलेलं कुटुंब. चित्राचं शीर्षक 'आजची शांतता' अशा अर्थाचं होतं. हजारो चित्रांत साखळीच्या शेवटाला निरुपद्रवी रुमाल ठेवणाऱ्या माणसानं इथं फक्त शेवटच्या कडीच्या आधीचा क्षण काढला होता. पहिली कडी कुणी ओढायची हे त्यानं चित्रात दाखवलं नाही. या चित्रासाठी १९४८ चं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. माझ्या मते रुमालाचं चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवूनच पाहायला हवं. पहिलं पाहिलेल्याला दुसऱ्यातली भीती जास्त कळते.

बाकीचे मानसन्मान थोडक्यात. १९४६ मध्ये अमेरिकी व्यंगचित्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. तिच्या वार्षिक पुरस्काराला त्याच्याच नावावरून रूबेन म्हणतात. राजकीय चित्रं त्यानं १९६४ पर्यंत काढली आणि मग ऐंशीच्या घरात असताना तो शिल्पं करायला लागला. १९६७ मध्ये रूबेन पुरस्कार रूबेनलाच मिळाला, तोही शिल्पांसाठी.

इंजिनिअर मात्र त्याच्या मागं लागले होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या दोन संघटनांनी १९४९ मध्ये एकमेकींशी पैज लावली की गोल्डबर्गची यंत्रं खरोखर बांधून दाखवायची. ही स्पर्धा १९५५ पर्यंत चालली आणि मग बंद पडली. १९८३ मध्ये तिचं पुनरुज्जीवन झालं, १९८८ पासून ती राष्ट्रीय पातळीवर होऊ लागली. काम दरवर्षी वेगळं आणि तितकंच बिनमहत्त्वाचं. एका वर्षी रोपाला पाणी घाला, एका वर्षी खिळा ठोका, एका वर्षी छत्री उघडा. २०१२ मध्ये फुगा फुगवून फोडायचं काम होतं. पर्ड्यूच्या चमूनं ते ३०० पायऱ्यांत केलं आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. वरच्या हिशोबानं पायरी ९९ टक्के भरवशाची असती तर असं यंत्र शंभरातून पाच वेळाच पुरं चाललं असतं. ती मुलं किती बारकाईनं काम करत असतील ते यावरून समजावं. गटारांच्या नकाशांना कंटाळून पळालेल्या माणसाच्या नावानं मुलं आज मोजमाप, चाचणी आणि दुरुस्ती यांचे धडे गिरवतात. हे सगळं त्याला नको होतं म्हणून तर तो पळाला होता!

नोव्हेंबर १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. सत्त्याऐंशी वर्षांचा गोल्डबर्ग ते पाहायला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ७ डिसेंबर १९७० रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या चित्रांचा वारसा आज धाकट्या मुलाची मुलगी, जेनिफर जॉर्ज, सांभाळते. नातीकडे आजोबांचं आडनाव नाही, चित्रं आहेत.

२०२० च्या वसंतात करोनामुळं शाळा बंद झाल्या. स्पर्धेला सभागृह मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा गोल्डबर्गचा वारसा चालवणाऱ्या संस्थेनं घरी बसलेल्या मुलांना एक काम दिलं. घरात असेल ते सामान घ्या, १० ते २० पायऱ्यांचं यंत्र बांधा आणि त्याचा व्हिडिओ पाठवा. शेवटच्या पायरीला साबणाची वडी कुणाच्या तरी हातात पडली पाहिजे.